गज, कात्री आणि कयाधूकाठचा कवी

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते; तो मान पंढरपूरलाही दिला जातो, परंतु दामाशेटी आणि गोणाई यांचा हा मुलगा शिंपी कुळातला होता याविषयी दुमत नाही. कापड मोजणे, बेतणे आणि शिवणे हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय, आणि नामदेवांची कविता त्यापासून कधीच दुरावली नाही.

१६०४ मध्ये संकलित झालेल्या आणि पुढे गुरू ग्रंथसाहिब म्हणून पूज्य ठरलेल्या शीख धर्मग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील आसा रागात गायच्या एका पदात मन हा गज, म्हणजे कापड मोजण्याची पट्टी, होते आणि जीभ कात्री. त्या दोहोंनी कवी यमाचा फास मापून मापून कापतो, जातीपातीशी आपला संबंध काय असे विचारतो आणि अखेरीस सोन्याची सुई व रुप्याचा दोरा घेऊन आपले चित्त हरीशी जोडतो. ज्या कामावरून समाज माणसाची पायरी ठरवत होता, तेच काम जात नाकारताना असे उजळ माथ्याने मिरवावे, याला विलक्षण धैर्य लागते.

हे धैर्य एकट्याचे नव्हते. विसोबा खेचर या गुरूंची भेट परंपरा हिंगोली जिल्ह्यातीलच औंढा नागनाथाच्या देवळात सांगते; घरात तर आई गोणाई, पत्नी राजाई, मुले आणि दासी म्हणवून घेणारी जनाबाई अशा सर्वांच्या नावावर अभंग आहेत.

व्यवसायाची भाषा नामदेवांनी घरून नेली, निसर्ग मात्र ज्या त्या मुलखातून घेतला. मराठी अभंगात पहाटे चाऱ्याला गेलेली पक्षीण आणि तिची वाट पाहणारे पिल्लू येते, तर धनासरी रागातील पदात मारवाडला पाणी आणि उंटाला वेल जितकी प्रिय, तितका राम प्रिय होतो. उत्तरायुष्यात ते पंजाबातील घुमान येथे राहिले, असे तेथील परंपरा मानते. २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले, आणि कापड छापणारा व शिवणारा पंजाबातील छिंबा समाज आजही नामदेवांना आपलाच पूर्वज मानतो.