कूस बदलणारे हात



आपण मोर्च्यात घसा फोडतो तेव्हा घरी कुणाची तरी बहीण म्हाताऱ्या आयची कूस बदलत असते. दर दोन तासांनी. नाही बदलली तर पाठीला जखम होते, मांस सडतं. माझी आय भाईंदर पूर्वेच्या चाळीत चार वर्षं लकव्यानं पडलीय. मी स्टील मिलमध्ये रात्रपाळी करतो, रात्रंदिवस ताई ओढते. तिची हजेरी कुठल्याच बुकात लागत नाही.

2007 चा कायदा सांगतो : आईबापाला टाकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. कबूल. पण सांभाळायला वेळ कोण देणार? कारखान्यात 20 दिवस राबलं की एक भरपगारी रजा. ईएसआयचे वर्षाला 91 दिवस, 70 टक्के पगार. ते मी स्वतः आजारी पडलो तरच. आयला औषध मिळतं, आयजवळ बसायला दिवस मिळत नाही.

विनयपिटकात गोष्ट आहे. पोट बिघडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला. कुणी जवळ जाईना. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. आणि नियम केला : ज्याचं कुणी नाही त्याची सेवा संघानं करायची.

आपला संघ कुठाय? शाखेच्या वहीत पाळ्या लिहा. रविवारी कुणाच्या घरी दोन तास कोण बसणार. तेवढ्यात एक ताई झोपेल. आणि पोरांनीच बसायचं, पोरांनीच भांडं उचलायचं. दुसऱ्याची घाण काढायला आपल्या जातीनं नकार दिला, तो घरातली घाण बाईच्या माथी मारायला नव्हे.