विद्यापीठ अलीकडेच लागते!

लेकीला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात बैठकीला बोलावले होते. नांदेड आम्हा दोघींनाही नवखे. लातूरच्या स्टँडवर सकाळची एसटी धरली. 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट, म्हणून एकीच्या भाड्यात दोघी निघालो.

अहमदपूर गेले, लोहा गेले. शहरात उतरून रिक्षा कोणती, पैसे किती, उशीर झाला तर? माझा जीव टांगणीला. लेकीनेच कंडक्टरला विचारले. ते म्हणाले, "ताई, विद्यापीठ नांदेडच्या अलीकडे, विष्णुपुरीला आहे. गेटवरच उतरा."

गोदावरी ओलांडावीच लागली नाही!

हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी सुरू झाले. त्याआधी लातूर-नांदेडच्या मुलांचे विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादला होते. त्याच वर्षी 14 जानेवारीला त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. तेवढ्या लांबच्या भाड्यापायी कितीजणांचे कागद घरीच राहिले असतील!

लेक आत गेली. मी झाडाखाली शिदोरी घेऊन बसले. परतताना ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी एकटी येईन."

आयाबायांनो, लेकरांना अडवू नका. गाडी विद्यापीठ गेटला थांबते का, एवढे चढतानाच विचारायला शिकवा.