उरलेले सामने

२०१९ च्या फेब्रुवारीत मी कुंभकोणमला होतो, एनसीसीच्या पोरांना ड्रिल शिकवायला, पीआय स्टाफ म्हणून. परेड आटोपली की महामहम तळ्याजवळ डिग्री कॉफी प्यायची. तिथं मद्रास रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब रोज भेटत. तमिळ मला येत नव्हतं, पण फौजी हिंदी आणि फुटबॉल एवढ्यावर आमचं भागायचं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या भिंतीवर बसून पेठेच्या संघाचे उरलेले सामने मोजण्यात माझं बालपण गेलं.

त्या वर्षी आय-लीगमध्ये साहेबांची चेन्नई सिटी पुढं होती, मागं ईस्ट बंगाल. मी रिअल काश्मीरच्या बाजूनं. खोऱ्यात दोन वर्षं काढली होती, आणि खोऱ्यातला हा संघ पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये खेळत होता. वहीत तीन रकाने आखले होते. कोण कुणाशी, कुठं खेळणार, किती गुण मिळतील. श्रीनगरचे सामने मी डोळे झाकून काश्मीरला देत असे. तिथल्या थंडीत पाहुण्यांचे पाय चालतात कुठं!

पण १० फेब्रुवारीचा ईस्ट बंगालचा सामना बर्फामुळं झालाच नाही. आणि १४ तारखेला पुलवामा. सीआरपीएफचे ४० जवान गेले. माझा जुना जोडीदार तेव्हा त्याच हायवेवर आरओपीला होता. त्याचा फोन रात्री उशिरा लागला. तोवर मी काय केलं, ते आता आठवत नाही.

१८ ला मिनर्व्हा पंजाबचा संघ श्रीनगरला गेलाच नाही. काश्मीरची पोरं मैदानावर उतरून वाट बघत राहिली.

"मराठा, तीन पॉइंट लिख ले," साहेब म्हणाले.

मी लिहिले नाहीत. आले नाहीत म्हणून मिनर्व्हावर रागावणंही मला जमेना. तो रस्ता मी पायांनी मोजलेला होता. चौकोन कोराच ठेवला.

ईस्ट बंगालचा राहिलेला सामना दिल्लीला हलवला. २८ ला काश्मीर २-१ नं हरलं, आणि माझा रकाना संपला. दुसऱ्याच दिवशी कोइंबतूरला चेन्नई जिंकली असती तर सगळंच तिथं मिटलं असतं, पण गोव्याच्या चर्चिलनं त्यांना ३-२ नं हरवलं. साहेबांनी कॉफी अर्धी टाकली.

शेवटचा दिवस ९ मार्च. चेन्नई ४०, ईस्ट बंगाल ३९. गुण सारखे झाले तर आपसातले सामने बघायचे, आणि ते दोन्ही चेन्नईनं जिंकलेले. म्हणजे ईस्ट बंगालला जिंकायलाच हवं होतं, आणि वर चेन्नईनं जिंकता कामा नये. चेन्नई घरच्या मैदानावर मिनर्व्हाशी, ईस्ट बंगाल कोझिकोडला गोकुलमशी. मिनर्व्हा आणि गोकुलम दोघंही तळाकडचे. साहेबांना चेन्नईचं काम सोपं वाटत होतं, मला नाही. मिनर्व्हा आदल्या वर्षीचा विजेता, आणि आता गमवायला काहीच नाही. असला संघ मोकळा खेळतो. आमच्या पेठेनं अशाच संघाकडून मार खाल्लेला मी पाहिला आहे.

तिसऱ्याच मिनिटाला मिनर्व्हानं गोल केला. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू तो मीच मारला. दुसऱ्या फोनवर कोझिकोडचा सामना. मध्यंतरानंतर मान्झीनं पेनल्टीवर बरोबरी केली. मग गौरव बोरा, जो मुळात बचावपटू, त्यानं दुसरा गोल मारला. तिकडं मागं पडलेली ईस्ट बंगाल उलटून २-१ नं पुढं गेली. आता इकडं एक गोल बसला असता तर चषक कलकत्त्याला! जादा वेळेत बोरानं पुन्हा मारला. ३-१. एका गुणानं चेन्नई. साहेबांनी दुकानातल्या सगळ्यांच्या कॉफीचे पैसे दिले.

रविवारी जोडीदाराचा फोन आला. सामना बघायला त्याला सवड मिळाली नव्हती.

"कोण रे?"

"चेन्नई."

"आणि आपलं काश्मीर?"

"तिसरं."

"बरं आहे की." मग म्हणाला, त्याचे खोऱ्यातले अजून चार महिने उरलेत.

मी वही उघडली नाही.