चिकपीच्या तळघरातली संगीन

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्यावर लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. मी नायगारा पाहिला. भिजलो, छायाचित्रे काढली, आणि तिथल्या कॉफीचे रुपये किती होतात याचा हिशेब सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे तोंडी करून सांगितला, तरी ती कॉफी मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. पण त्या धबधब्याबद्दल नवे असे काही मला सांगता येणार नाही. मला सांगायचे आहे ते मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या चिकपी नावाच्या गावाबद्दल. त्यातूनही त्या गावातल्या एका तळघराबद्दल.

आमचे चिरंजीव तिथे नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. चिकपी म्हणजे स्प्रिंगफील्ड शहराला लागूनच असलेले जुने गिरणगाव. चिकपी नदीच्या काठाने लाल विटांच्या लांबच लांब इमारती, ओळीने खिडक्या. परळ-लालबागच्या माणसाला तिथे सोडले तर तो पाच मिनिटे तरी परका वाटून घेणार नाही. भोंगा तेवढा ऐकू येत नाही. ऑक्टोबरात तिथली मेपलची झाडे अशी काही लाल-पिवळी होतात की, त्या विटांचाही रंग फिका वाटावा.

घरात सगळी सुखे होती. पण चौतीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला सुखाचे काय करायचे हे पटकन कळत नाही. मुलगा-सून सकाळी कामावर जात. सौ. स्वयंपाकघर शोधून काढण्यात रमली. मी दाराचे बिजागर तपासले, तर ते कुरकुरत नव्हते. नळ गळत नव्हता. एक दिव्याचा बल्ब गेला तेव्हा मी आनंदाने स्टुलावर चढलो, आणि सवयीप्रमाणे दाबून फिरवायला गेलो. तिथले बल्ब आट्यांचे. फिरवत फिरवत बसवायचे. आपल्याकडचा दोन पिनांचा, दाबून वळवायचा होल्डर तिथे नाही. त्या होल्डरला इंग्रजीत बायोनेट, म्हणजे संगीन, याच नावाने ओळखतात, कारण बंदुकीच्या तोंडावर संगीन चढवायची युक्ती तीच: सरकवा, वळवा, अडकवा. ही माहिती मला तरुणपणापासून होती. तिचा उपयोग आठ दिवसांत होणार आहे हे मात्र ठाऊक नव्हते.

शेजारी एक पंच्याहत्तरीचे विधुर गृहस्थ राहत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नुसत्या नावाने हाक मारली. माझ्या नावाने मला हाक मारणारे माणूस आई गेल्यापासून उरले नव्हते, त्यामुळे मी जरा दचकलोच. मला काही त्यांना नावाने हाक मारणे जमले नाही. मी शेवटपर्यंत ‘मिस्टर’ लावीत राहिलो आणि ते हसत राहिले. मी फिटर होतो हे समजल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन तळवा उलटा करून पाहिला. म्हणाले, “खाली चला. एक अडलेले काम आहे.”

खाली म्हणजे तळघरात. भिंतीला वाईस बसवलेले टेबल, वर ओळीने कानशी, पाने, पक्कड. मला एकदम घरी आल्यासारखे झाले. त्यांनी लोखंडी कपाट उघडले (त्या राज्यात बंदूक कुलपातच ठेवावी लागते) आणि एक जुनी, लांबलचक रायफल बाहेर काढली. पहिल्याने तिचा बोल्ट काढून फळीवर ठेवला, नळीतून उजेड पाहिला, मला दाखवला, आणि मग ती माझ्या हातात दिली. चांगली चार किलोंची. रशियन सैन्याची १८९१ सालची मोसिन-नागां जातीची ही बंदूक. गंमत अशी की, त्याच १८९१ साली शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला.

पण खरी गंमत पुढेच होती. नळीच्या मागच्या अंगाला रशियन नव्हे, स्वच्छ इंग्रजी अक्षरे होती: न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस.

“ही इथे झाली,” म्हातारबुवा म्हणाले, “या गावात.”

पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारला बंदुका पुरेनात. त्याने १९१५ साली अमेरिकेत मागणी नोंदवली: रेमिंग्टन कंपनीकडे १५ लाख आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसकडे १८ लाख. वेस्टिंगहाउसने त्यासाठी चिकपी फॉल्सचा बंदुकांचा जुना कारखानाच विकत घेतला. गावात माणसे भरती झाली. त्यांत पोलंडहून आलेले पुष्कळ. चिकपीत आजही त्यांची मोठी वस्ती आहे, सेंट स्टॅनिस्लॉसचे भव्य देऊळ आहे. म्हातारबुवांचे आजोबा त्यांतलेच. त्यांचे गाव तेव्हा झारच्या राज्यात होते. झारच्या पलटणीत सक्तीची भरती चुकवण्यासाठी ते विशीत घरदार सोडून पळाले, समुद्र ओलांडला, आणि पोट भरायला लागले ते झारच्याच बंदुका घडवण्याच्या कामावर! म्हातारबुवांच्या घरात ही गोष्ट हसत हसत सांगितली जाई. आजोबा मात्र ती ऐकताना हसत नसत, असे ते म्हणाले.

१९१७ साली झार गेला. मागणी अर्धवट राहिली. तयार पडलेल्या बंदुकांतल्या काही अमेरिकन सरकारने घेतल्या, आणि १९१८-१९ मध्ये आर्खांगेल्स्कला गेलेल्या अमेरिकन शिपायांच्या हाती त्याच दिल्या. जी रशियाला पोचली ती मात्र पाण्यासारखी वाट फुटेल तिकडे गेली. म्हातारबुवांची बंदूक फिनलंडला गेली होती. तिच्यावर चौकटीत कोरलेली ‘एसए’ ही दोन अक्षरे फिनलंडच्या सैन्याची. पुढे जुना माल म्हणून फिनलंडने अशा बंदुका विकल्या, आणि फिरत फिरत ती पुन्हा अमेरिकेत आली. म्हातारबुवांनी ती दुकानात पाहिली, कंपनीचे नाव वाचले आणि घेतली. पुष्कळ वर्षे झाली त्याला. उणीव एकच होती. संगीन नव्हती. ती त्यांना आता कुठे मिळाली, निराळी, पोस्टाने. आणि ती चढेना.

त्यांनी चढवून दाखवली. संगिनीच्या बुडाची नळी बंदुकीच्या तोंडावर दोन बोटे सरकली आणि रुतून बसली. ती काढतानाच त्यांची दमछाक झाली. हात कापत होते. वयाचा कंप. मग त्यांनी टेबलावरची हातोडी उचलली.

मी ओरडलोच. मराठीत. “अहो, नको!”

कारण ती हातोडी मला ओळखीची होती. विसाव्या वर्षी, नवा असताना, एक घट्ट बुश मी अशीच ठोकून बसवली होती. बुश बसली आणि डाय तडकली. आमचे मेस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी ते दोन तुकडे महिनाभर माझ्या टेबलावर ठेवले, एवढेच. माणसाला त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

“काम मी करतो,” म्हातारबुवांना मी सांगितले. “पण चार दिवस लागतील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारीत घालून स्प्रिंगफील्डच्या टेकडीवर नेले. तिथे अमेरिकन सरकारचे शस्त्रागार होते. १७९५ पासून बंदुका घडवीत आले आणि १९६८ साली बंद झाले. आता अर्ध्या आवारात कॉलेज आणि उरलेल्यात संग्रहालय. आत शिरल्याबरोबर एका प्रचंड लाकडी घोडीवर शेकडो बंदुका उभ्या रचलेल्या दिसतात, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारख्या. लाँगफेलो कवी १८४३ साली नव्या नवरीला घेऊन इथे आला होता. तिला या रांगा पाहून ऑर्गन आठवला, आणि त्यातून त्याची युद्धाविरुद्धची प्रसिद्ध कविता झाली. मधुचंद्राला बायकोला शस्त्रागार दाखवणारा नवरा! “तुम्ही मला भाटघर धरणाचे पंप दाखवले होते,” सौ. शांतपणे म्हणाली. मी पुढच्या कपाटाकडे वळलो.

मला खिळवून ठेवले ते ब्लँचर्डच्या लेथने. बंदुकीचा लाकडी दस्ता वेडावाकडा; तो लेथवर कसा निघावा? १८१९ च्या सुमारास ब्लँचर्डने तोड काढली. एक नमुन्याचा दस्ता फिरत राहतो, त्याच्यावर एक चाक टेकलेले असते. ते जसे वरखाली होईल तसेच शेजारचे पाते नव्या लाकडावर वरखाली होते. कारागिराचा हात यंत्रात उतरवण्याची ती सुरुवात. त्याआधी बंदुकीचा प्रत्येक भाग त्याच बंदुकीपुरता घासून बसवीत. एकीची संगीन दुसरीला बसेलच असे नाही. म्हणून दोघींवर खुणेचे आकडे ठोकीत. लढाईत संगिनी मिसळल्या की पंचाईत. इथल्या लोकांनी गेजांवर गेज करून, वर्षानुवर्षे खपून, १८४२ च्या नमुन्याची बंदूक अशी केली की, कोणाचाही कोणताही भाग कोणालाही लागावा. आज आपण स्कूटरचा सुटा भाग दुकानातून आणून बसवतो तेव्हा या टेकडीचे नाव घेत नाही. मी त्या दिवशी मनातल्या मनात घेतले.

“मग तुमची का बसत नाही?” सौ.ने नेमके विचारले.

त्याचे उत्तर म्हातारबुवांपाशी होते. कारखान्यात गेज होतीच, आणि रशियाहून आलेले तपासनीस मोठे काटेकोर होते. पण या बंदुकीची रीत अशी की, संगीन सदैव चढवलेलीच ठेवायची. नेमही संगिनीसकट जुळवीत. ती काढली की गोळी बाजूला जाते. तेव्हा ती ढिली चालत नाही, खुळखुळली की नेम बिघडला. म्हणून रशियात प्रत्येक बंदुकीला तिची संगीन घट्ट बसवून तिचाच आकडा ठोकीत. ही संगीन दुसऱ्याच कोणाची होती. आकडे जुळत नव्हते.

“म्हणजे पत्रिका न बघता लग्न लावताय,” सौ. म्हणाली. मी भाषांतर केले. म्हातारबुवा तळघरात पोचेपर्यंत हसत होते.

कामाला सुरुवात केली ती रॉकेल आणि चिंध्यांनी. वर्षानुवर्षे साठवणीत राहिलेल्या शस्त्रांवर ग्रीसचा थर देतात. तो वाळला की लाखेसारखा कडक होतो. संगिनीच्या बुडातून तो तपकिरी मळ एक संध्याकाळ निघत होता. तेवढ्यानेच ती आणखी बोटभर सरकली. म्हातारबुवा खूश झाले. मी झालो नाही. सोपे असते ते आधी संपते.

दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला, घासलेला कण आत जाऊ नये म्हणून. नळीवर बाहेरून निळे मार्किंग अगदी पुसट चोपडले, संगीन हाताच्या जोराने सरकवली, काढली, आणि बुडात बॅटरी पाडली. जिथे निळे लागले तिथे लोखंड लोखंडाला भिडते आहे. दोनच जागी लागले होते. एक, खाचेच्या काठावर: तिथे धातू किंचित आत वळला होता, आमच्याआधीही कोणी तरी हातोडी उचललेली होती. दुसरी जागा समोरची, कारण त्या ठोक्याने बूड कणभर लंबगोल झाले होते.

आता नियम एकच. बंदुकीच्या नळीला हात लावायचा नाही. जे काही काढायचे ते संगिनीतून. संगीन चामड्यात गुंडाळून वाईसमध्ये धरली. खाचेचा काठ बारीक कानशीने तीन-चार घास. लंबगोल जागेला लाकडी दांड्यावर गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर. दोन फेरे, पुसणे, निळे, सरकवणे, पाहणे. पुन्हा दोन फेरे. काढलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. एक थाऊ जास्त गेला की ती जन्मभर खुळखुळणार. म्हातारबुवा शेजारी स्टुलावर बसून बॅटरी धरीत. बॅटरीचा उजेड थरथरे. मी काही बोललो नाही, उजेड थांबेपर्यंत थांबे.

अशा वेळी माणसे बोलतात. लहानपणी आजोबांनी त्यांना कधी खेळण्यातली बंदूकही घेऊ दिली नाही. कारखान्यात काय काम केले हे विचारले की ते हाताने पेटी बंद करण्याची खूण करीत. बस्स. “ही त्यांच्या हातून गेलेली असेल का, हे मला कधीच कळणार नाही,” म्हातारबुवा म्हणाले. “पण अर्धी ठेवावीशी वाटत नाही.”

मधूनमधून हातातल्या वस्तूकडे माझे लक्ष जाई आणि मन कचरे. चार धारांचा, हातभर लांबीचा, पेचकसासारख्या टोकाचा तो सुळा कशासाठी केला आहे हे काही लपत नव्हते. टूलरूममध्ये मी आयुष्यभर जे घासले ते पंप आणि गिअर यांच्यासाठी. पण खरे सांगायचे तर निळ्या डागांकडे पाहताना तेही विसरायला होई. कामाची ही एक वाईट खोड आहे.

वर सौ. आणि म्हातारबुवांच्या बहीणबाई यांचे वेगळेच चालले होते. त्या बाईंनी पिरोगी आणल्या. म्हणजे बटाट्याचे सारण भरून उकडलेली करंजीच. सौ.ने नारळाच्या करंज्या पाठवल्या. एकमेकींची भाषा कळत नसताना दोघींनी मुरड कशी घालायची यावर तासभर वाद घातला.

चौथा दिवस खंडेनवमीचा निघाला. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा घालीत. सौ. हळदकुंकवाची कुयरी घेऊन तळघरात उतरली. तिने कानशीला बोट लावले, वाईसला लावले, हातोडीलाही लावले. संगिनीपाशी ती थांबली. “ही कुणाच्या अंगात गेली असेल हो?” तिने विचारले. मी म्हातारबुवांना ते इंग्रजीत सांगितले नाही, पण त्यांना कळले असावे. ते म्हणाले, “राहू द्या.” तिने बंदुकीच्या लाकडी दस्त्याला कुंकू लावले आणि वर गेली.

मग मी संगिनीच्या बुडात तेलाचे बोट फिरवले आणि बंदूक म्हातारबुवांच्या हाती दिली. त्यांनी संगीन लावली, सरकवली. ती हलक्या फुत्कारासारखा आवाज करीत पूर्ण खाली गेली. त्यांनी ती वळवली, कडे फिरवले. बसली. धरून हलवून पाहिली. जराही खुळखुळली नाही. बंदूक आता त्यांच्या डोक्याच्या बरीच वर गेली होती. तळघराचे छत ठेंगणे. टोक वर लागू नये म्हणून त्यांना ती तिरकी धरावी लागली.

मिनिटभर त्यांनी ती तशी धरली. मग कडे उलट फिरवले, संगीन वळवली आणि आपल्या कापऱ्या हातांनी, कोणाची मदत न घेता, ओढून काढली.

“निघतेही,” ते म्हणाले.

संगीन त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या खणात ठेवली, बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि आम्ही करंज्या खायला वर गेलो.