कलत्या घरातले पंधरा दिवस

सदुसष्टाव्या वर्षी शिडाच्या नौकेवर राहायला शिकता येते का, असे आपण विचाराल. साउदॅम्प्टनजवळ लेकीच्या यॉटवर आम्ही उभयता पंधरा दिवस राहिलो. तेथील भरती चढते, किंचित ओसरते आणि पुन्हा चढते; दिनक्रम तिच्या कलाने.

वारा शिडात भरला की अवघे घर एका अंगावर कलते. मग तरणी लेकसुद्धा कठडा धरूनच चालते. दोनदा पडूनही घरच्या न्हाणीघरात आधाराचा दांडा नको म्हणणारे आमचे यजमान तेथे निमूटपणे धरून चालू लागले.

मळमळीचे कारण असे, की हालचाल कानाच्या आतील भागाला जाणवते, पण बंद खोलीत डोळ्यांना दिसत नाही. उघड्यावर बसून क्षितिज न्याहाळावे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही गोळ्यांनी गुंगी येते, उतारवयात तोल जातो, लघवीही अडते.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नौका उजवीकडे वळते, हे हातांना पटायला माझी अख्खी दुपार गेली.

पुण्याला परतल्यावर यजमानांनी मिस्त्रीला बोलावले. दांड्याची उंची त्यांनीच सांगितली.