जीप की डिझायर? आधी रस्ता कुठं संपतो ते बघा

सध्या आमच्या तालुक्यात एक वाद रंगलाय. संघटनेची जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप विकून हप्त्यावर नवी डिझायर घ्यायची का? तरुण डिझायरच्या बाजूने आहेत. "चळवळीला एसी गाडी कशाला?" हा ज्येष्ठांचा टोमणा आम्हाला मान्य नाही. बौद्ध माणूस चकचकीत गाडीतून उतरला की पारावर ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांची भाषा आपण का बोलायची?

वाहनाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसता सोयीचा नव्हता. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना स्टेशनवरून महारवाड्यात न्यायचं होतं. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार होते, पण महाराला बसवून हाकायला नाही. शेवटी हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

तरीही ही तुलना शोरूममध्ये उभं राहून करू नये. आमच्या भागात सिमेंटचा रस्ता गावच्या देवळापर्यंत येतो. पुढे ओढा, काळ्या मातीचा चिखल, आणि त्यापलीकडे आपली वस्ती. डिझायरचं पोट जमिनीपासून जेमतेम १६३ मिलिमीटर वर, आणि जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. जीपचा छोटा दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात, लो गिअरमध्ये ती म्हशीसारखी सावकाश पण हमखास चिखल पार करते. श्रावणातल्या रात्री कुणाचं डोकं फुटलं आणि त्याला दवाखान्यात नेऊन ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायची असेल, तर गाडी दारापर्यंत गेली पाहिजे. देवळापाशी थांबणारी गाडी म्हणजे जखमीला मारणाऱ्यांच्याच आळीतून चालत आणणं.

पण जीपचं कौतुकही पुरे. मागच्या आडव्या बाकांवर पट्टे नाहीत, एअरबॅगचं तर नावच नको. २०२४ च्या डिझायरला सहा एअरबॅग आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. रात्री सभेहून परतताना त्याच बाकांवर आमच्या मुली बसतात. त्यात १५ वर्षांवरच्या गाडीची पुनर्नोंदणी, पर्यावरण कर आणि डिझेलचा खर्च वेगळाच. खंडपीठाच्या तारखेला जीपने जाणारा माणूस कोर्टात आधी कंबर धरून उभा राहतो!

आमचं मत असं: पैसे एकाच गाडीपुरते असतील तर जीप ठेवा. आडवे बाक काढून पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या सीट रीतसर मंजुरी घेऊन बसवा आणि मुलींना ती चालवायला शिकवा. आणि दुसऱ्या दिवशी अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून ओढ्यावरच्या पुलाची मागणी पंचायत समितीत लेखी द्या, पोच घ्या. डिझायर वस्तीच्या दारात उभी राहील असा रस्ता झाला, की जीप विकायचा ठराव आम्हीच मांडू.