उघडणे आणि कळविणे

विलायतेत घर उबदार ठेवण्याचे श्रेय सारे बॉयलरला देतात. मी ते फडताळात पाइपावर बसलेल्या, मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला देतो. थर्मोस्टॅटचा हुकूम आला, की मोटर व्हॉल्व्ह उघडते. तो उघडला, की आतला इवलासा स्विच दाबला जाऊन बॉयलरला वर्दी पोचते.

गेल्या जानेवारीत इंग्लंडातले आमचे घर गारठले. सांगलीहून आलेली आई दोन शाली पांघरून बसली. फिटरने पाहिले : व्हॉल्व्हची दांडी सैल, म्हणजे तो उघडलेला, तपकिरी आणि करड्या तारांत वीज, बॉयलरकडे जाणारी नारिंगी तार तेवढी मेलेली. काम चोख झाले होते, वर्दीच गेली नव्हती! वरची मोटरपेटी बदलली आणि रेडिएटर तापले.

निमूट कर्तव्य थोर खरेच. पण पुढच्याचे काम आपल्यावर अडले असेल, तर 'झाले बरे का!' एवढे तरी म्हणावे.